सेंट लुईस, पाहुण्यांसाठी

कमानीत मी सतरा वेळा चढलेय.
पांढऱ्या अंड्यासारख्या डबीत पाच माणसं, गुडघ्याला गुडघा,
चार मिनिटं कुरकुरत वर.
वर चिंचोळ्या खिडक्या, पोट टेकून ओणवं होऊन बघायचं:
इकडे नदी, तिकडे जुन्या कोर्टाचा हिरवट घुमट,
आणि पार लांब आमचं घर. ते दिसत नाही.
मी बोट दाखवते,
पाहुणे म्हणतात, हो हो, दिसलं.

मग प्राणिसंग्रहालय, कारण ते फुकट.
फुकट म्हटल्यावर दिघे पतिपत्नींचे गुडघे दुखायचे थांबले,
पेंग्विनांच्या थंडीत तीनदा जाऊन आले.
मग बुटांच्या जुन्या कारखान्यातली दहा मजली घसरगुंडी,
तिथे हेमांगीच्या जावयाच्या चष्म्याची काडी
अजून कुठल्या तरी वळणावर असेल.
मग बागेतलं काचेचं घुमटघर,
जिथे आठ हजार मैल उडून आलेली माणसं
केळीच्या झाडाला टेकून फोटो काढतात.
शेवटी कस्टर्ड. पोऱ्या पेला उलटा धरून देतो,
पडत नाही,
आणि मी सतराव्यांदा "अगंबाई" म्हणते.

या वर्षी आल्या शालनमावशी,
सासूबाईंची धाकटी बहीण, कराडची,
एस.टी.च्या आरक्षण खिडकीत एकतीस वर्षं काढलेली.
कमानीखालच्या तळघरात रांग बघून म्हणाल्या,
"दोन खिडक्या बंद का ठेवल्यात?"
आणि बाकावर बसल्या त्या बसल्याच.
"वर जाऊन तुझंच घर बघायचं ना?
ते काल बघितलं की."

पुन्हा गाडीत आलो.
पट्टा लावता लावता त्यांनी विचारलं,
"पाहुणे नसले म्हंजे तू कुठं जातीस?"

ऑफिस, वाणसामान, ईशानच्या दातांचा डॉक्टर.
बावीस वर्षं.
मी गाडी सुरू केली, बंद केली,
परत सुरू केली.

शहर मागे पडलं, सोयाबीन लागलं, पिवळं पडलेलं.
डांबर संपून खडी, खडी संपून चिखलाची वाट,
आणि जमिनीचं एक टोक,
ज्याच्या पुढे नुसतं पाणी.
इथे मी एकदाच आले होते, वाट चुकून,
एका मार्चमध्ये, ज्याविषयी मी कुणाशी बोललेली नाही.

घडीच्या खुर्चीवर एकजण गळ टाकून बसलेला.
आल्विन म्हणे. शेजारी डब्यात कोंबडीची काळिजं.
त्याने न विचारता हात केला:
डावीकडची मिसिसिपी, उजवीकडची मिझुरी.
एक राखाडी, एक चहात दूध जास्त झाल्यासारखी,
मधे रेघ. खरीच रेघ,
फूटपट्टीने मारल्यासारखी नाही, जरा हललेली.

मावशी खूप वेळ काही बोलल्या नाहीत.
मग: "आमच्यात कृष्णा नि कोयना
समोरासमोर येऊन धडकत्यात. काय असंल ते एकदाच.
ह्या बघ, शेजारनं चालल्यात,
एकमेकीकडं बघत बी न्हाईत."

मी आल्विनला विचारलं, अशा किती लांब जातात?
कधी शहरापर्यंत, म्हणाला,
कधी शहर उलटून गेलं तरी.
सांगता येत नाही.
त्याने काळीज गळाला लावलं.

"ह्याला तिकीट न्हाई?" मावशींनी विचारलं.
नाही.
"मग खिडकी बंद असायचा प्रश्नच न्हाई."
चपला काढून घोट्यापर्यंत पाण्यात गेल्या,
मी त्यांचा दंड धरलेला.
"नाणं दे. इथलं दे, आमचं हिला काय कळणार."
पर्समधे एक पाव डॉलर निघाला, मिझुरीचाच,
त्यावर नदी, नावेत तीन माणसं,
आणि मागे कमान, नखाएवढी.

मावशींनी चष्मा वर करून नाणं डोळ्यांजवळ नेलं.
"ही गं ती?"
हो.
"बघितली," म्हणाल्या,
आणि रेघेवर नेम धरून टाकलं.
ते अलीकडेच पडलं,
चहाच्या पाण्यात.

परतताना कस्टर्ड घेतलं.
पोऱ्याने पेला उलटा केला.
मावशींनी हात खाली धरला,
पडलंच तर म्हणून.